घरातल्या प्रत्येकाचा दिवस वेगळा मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात रोज जिल्ह्याचा आकडा येतो : नवे बाधित इतके, बरे होऊन घरी गेले इतके. तो माणसांचा आकडा असतो. पण कोरोनाच्या या दुसऱ्या लाटेत घरेच्या घरे आजारी पडली. एकाला ताप आला की आठवड्याभरात बायको, आई, मुले, वरच्या मजल्यावरचा भाऊ अशी रांग लागते. अशा घरात बरे होण्याच्या काळात जो घोळ होतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा एकच असते : सगळ्या घराचे दिवस मिळून एकच मोजले जातात. पहिल्या रुग्णाचे दहा दिवस सरले की घर मोकळे झाले असे सगळेच धरून चालतात.

एक उदाहरण मांडून पाहू. घरातल्या कर्त्या माणसाला १० तारखेला कणकण वाटली, बायकोचा घसा १३ तारखेला धरला, आईचे अंग १६ तारखेला दुखू लागले. पहिले लक्षण दिसले तो पहिला दिवस धरला, तर २० तारखेला कर्त्याचा अकरावा दिवस असतो आणि आईचा पाचवा. रक्तातला ऑक्सिजन घसरण्याची भीती साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात सर्वांत जास्त. म्हणजे कर्ता अंघोळ करून, कपडे बदलून बाहेर पडायच्या बेतात असतो, तेव्हा आईचा धोक्याचा आठवडा नुकता सुरू झालेला असतो. त्यात घरातली धडधाकट माणसे थकलेली, ऑक्सिमीटर कपाटात गेलेला. अशा घरातली म्हातारी माणसे उशिरा दवाखान्यात पोहोचतात, ती यामुळे.

दिवस रिपोर्टच्या तारखेपासून मोजू नये, लक्षणाच्या तारखेपासून मोजावा. रिपोर्ट यायला कधी दोन, कधी चार दिवस लागतात. तेवढ्यांनी हिशेब चुकतो. लक्षणेच नसतील तर स्वॅब दिल्याची तारीख धरावी. वयस्कर माणसांना ताप येईलच असे नाही. जेवण नको म्हणणे, दिवसभर झोपून राहणे, बोलताना घोटाळणे हेच त्यांचे पहिले लक्षण असू शकते, आणि ते कधी सुरू झाले हे घरातल्या बाईला बरोबर आठवते. तिला विचारावे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या एप्रिल २०२१च्या सूचनेप्रमाणे गृहविलगीकरण संपायला दोन अटी होत्या : लक्षण सुरू होऊन किमान दहा दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नाही. घरातल्या प्रत्येकाने त्या आपापल्या पूर्ण करायच्या होत्या. त्यानंतर पुन्हा आरटीपीसीआर चाचणी करण्याची गरज नाही. विषाणूचे मेलेले तुकडे नाकात कित्येक आठवडे सापडू शकतात. तेवढ्या 'पॉझिटिव्ह'वरून माणसाला पुन्हा खोलीत कोंडणे चूक आहे.

यासाठी मुलांची एक जुनी वही पुरते. प्रत्येकाला एक पान. आडव्या ओळीत तारीख, कितवा दिवस, ताप, ऑक्सिजन, नाडी, चालून आल्यावरचा ऑक्सिजन, आणि मधुमेही असल्यास साखर. सकाळी, दुपारी आणि रात्री झोपण्यापूर्वी नोंद करावी.

ऑक्सिमीटर साधे यंत्र आहे, पण त्यातल्या चुका ठरलेल्या आहेत. पडद्यावर दोन आकडे येतात. ऑक्सिजनचा आणि नाडीचा. नाडीचा ८८ हा ऑक्सिजन समजून घर हादरते, किंवा उलट नाडीचा ९८ पाहून सगळे निश्चिंत होतात आणि ऑक्सिजन ९१ असतो. त्यामुळे कोणता आकडा कशाचा, हे यंत्रावरच चिकटपट्टी लावून लिहून ठेवावे. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, नखाला पॉलिश नसावे, बोटे गार असतील तर चोळून ऊब आणावी. पहिले किंवा मधले बोट घालून हात स्थिर ठेवावा आणि आकडा ठरेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबावे. पाच माणसांत एकच यंत्र असेल तर दर वेळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे.

बसल्या जागी आकडा ९४ किंवा वर असेल तर सहा मिनिटे चालून पाहावे. घरातल्याच सपाट फरशीवर, नेहमीच्या चालीने. जिना चढू नये. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटे चालले तरी चालेल, दम्याच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चालून आल्यावर आकडा ९३च्या खाली गेला, आधीपेक्षा ३ने जास्त उतरला किंवा धाप लागली, तर त्याच तासाला डॉक्टरांना कळवावे. बसूनच ९४च्या खाली असेल त्याला चालवूच नये, थेट दवाखाना गाठावा. वाहन येईपर्यंत पालथे झोपवावे : एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडगीखाली. जेवणानंतर तासभर हे करू नये. गरोदर बाई, गंभीर हृदयरोगी, मणका किंवा खुब्याचे हाड मोडलेले यांनी तर मुळीच नाही.

आता ज्या गोष्टीने आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती. एकाच्या नावाने लिहिलेली चिठ्ठी घरभर फिरते. 'दादाला याच गोळ्यांनी उतार पडला' म्हणून त्याच गोळ्या वहिनीला, वडिलांना पहिल्याच दिवसापासून सुरू होतात आणि त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असते. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, या उपचाराने जीव वाचतात हे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत २०२० मध्येच दिसले. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याच चाचणीत फायदा दिसला नाही. साध्या तापात, सुरुवातीच्याच दिवसांत स्टिरॉइड दिले तर शरीराची लढाई मंदावते आणि साखर वर जाते. मधुमेह नाही असे समजणाऱ्यांचीही जाते.

ही साखर पकडायची तर वेळ महत्त्वाची. स्टिरॉइड सकाळी घेतले की साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. सकाळी उपाशीपोटी १०५ दिसते, घर निर्धास्त होते आणि जेवणानंतर तीच ३००च्या पुढे गेलेली असते. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणापूर्वी तपासावी. उपाशीपोटी तर तपासावीच. स्टिरॉइड बंद झाल्यावरही काही दिवस हे चालू ठेवावे, कारण वाढवलेले इन्सुलिन तसेच राहिले तर साखर एकदम खाली येते. काही आठवडे चाललेले स्टिरॉइड मनाने बंद करू नये, डॉक्टर सांगतील तसे उतरवत न्यावे.

म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीच्या आजाराचे) जे रुग्ण या लाटेत दिसत आहेत त्यांत वाढलेली साखर आणि स्टिरॉइड ही जोडी पुन्हापुन्हा आढळते. त्याची सुरुवात बऱ्याचदा कोरोनातून उठल्यावर, घर सावरत असताना होते. एका बाजूचा गाल दुखणे किंवा बधिर होणे, नाकातून काळसर वा रक्तमिश्रित स्राव, वरचे दात हलणे, टाळूवर काळा डाग, डोळ्याला सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे. यातले एक जरी दिसले तरी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. रोज ब्रश करताना बॅटरीच्या उजेडात टाळू पाहणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

वाफेचाही अतिरेक होतो आहे. दिवसात सहा-सहा वेळा घेतलेल्या वाफेने विषाणू मरत नाही, नाकाचे अस्तर मात्र सुजते आणि पातेले कलंडून भाजण्याचे प्रकार होतात, विशेषतः लहान मुलांचे. काढ्याचेही तेच; मिरी-सुंठ-दालचिनीचा कडक काढा चार वेळा प्यायला की पोटात आग पडते आणि आधीच नसलेली भूक आणखी मरते.

घरातले सगळे आजारी असताना सर्वांत आधी कोण उठते? जिच्यावर चूल अवलंबून असते ती. तिचे दहा दिवस पूर्ण झालेले असतात, म्हणून ती 'बरी' धरली जाते आणि आजारी असलेल्या चौघांचे करू लागते. दहा दिवसांनी संसर्ग देण्याची भीती सरते. ताकद येत नाही, तिला कित्येक आठवडे लागतात. फसवणारी गोष्ट अशी की जास्त झालेले काम त्या दिवशी सोसते आणि थकवा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येतो. त्यामुळे कशाने थकलो हेच कळत नाही. आमचा सल्ला असा : एखादे काम वाढवले की तीन दिवस तेवढ्यावरच थांबावे, त्रास झाला नाही तरच पुढचे वाढवावे. सपाटीवर पाच मिनिटे चालणे, दिवसातून दोन-तीनदा, इथून सुरुवात करावी आणि दोन-दोन मिनिटांनी वाढवावे. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे.

घरकामातली जड कामे कोणती, हे पुरुषांना बहुधा ठाऊक नसते. वाकून केर काढणे, फरशी पुसणे, हाताने कपडे धुणे-पिळणे, कणीक मळणे, पाण्याची कळशी उचलणे. हात वर किंवा पुढे ताणून केलेल्या कामाने धाप लवकर लागते. ही कामे पहिले तीन-चार आठवडे दुसऱ्याने करावीत. पोळ्या स्टुलावर बसून लाटाव्यात, भाजी बसून चिरावी, अंघोळ पाटावर बसून कोमट पाण्याने करावी, कारण कडकडीत पाण्याने चक्कर येते. उचलताना, उठताना तोंडाने हळू फुंकर सोडावी. धाप लागलीच तर खुर्चीत बसून, पुढे झुकून, कोपर गुडघ्यांवर टेकवावेत; नाकाने श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून त्याच्या दुप्पट वेळ सोडावा. मृग लागला आहे, पेरणीची घाई आहे, हे आम्ही जाणतो. तरीही जो महिन्यापूर्वी ऑक्सिजनवर होता त्याने यंदा बांधावर बसून सांगावे, औताला हात लावू नये.

तीन चेंडूंचे स्पायरोमीटर बऱ्याच घरांत आणले गेले आहे. त्यात फुंकर मारायची नसते, नळीतून हवा ओढायची असते. ओढलेल्या हवेने चेंडू वर जातात. हळू ओढून चेंडू दोन-तीन सेकंद वर धरावेत, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. चक्कर आली तर थांबावे. एकाचे स्पायरोमीटर दुसऱ्याने वापरू नये.

वास गेलेल्या घरात एक धोका कुणाच्या लक्षात येत नाही. एकाचा वास गेला तर बाकीचे सांगतात. सगळ्यांचाच गेला तर गळणारा गॅस कुणालाच कळत नाही. अशा घराने स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावावी, नळीची जोडणी साबणाचे पाणी लावून तपासावी आणि उरलेले अन्न शिजवल्याची वेळ पाहूनच खावे. वास परत आणण्याचा सराव सोपा आहे. लवंग, लिंबाची साल, निलगिरी तेल आणि गुलाब, प्रत्येकी वीस सेकंद, सकाळ-संध्याकाळ, वास येवो न येवो, तो आठवत हुंगावा. निदान तीन महिने नेटाने करावे.

खाण्यात प्रथिने वाढवावीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, कपभर दुधात साधारण तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ९० ग्रॅम लागतात, तेव्हा पातळ वरण-भातावर भागत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

मुलांना बहुतेक काहीच होत नाही, म्हणून वहीत त्यांचे पान नसते. ते असावे. घरातल्या साथीनंतर दोन ते सहा आठवड्यांनी मुलाला सतत ताप आला, सोबत डोळे लाल, अंगावर पुरळ, पोटदुखी, उलट्या किंवा जुलाब असतील तर बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगावे की घरात कोरोना होऊन गेला आहे. एकदम इतक्या आठवड्यांपूर्वीचा संबंध कुणाला सुचत नाही आणि उपचाराला उशीर होतो. मोठ्यांमध्ये याच काळात एकाच पायाला सूज, छातीत दुखणे किंवा अचानक धाप ही रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते.

लशीबाबत केंद्राने १९ मे २०२१ रोजी सांगितले होते की बरे झाल्यापासून तीन महिन्यांनी घ्यावी. पहिला डोस झाल्यावर आजार झाला असेल तर दुसराही तसाच. इथेही प्रत्येकाची तारीख वेगळी निघते.

आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली आपल्याकडे : वर सांगितलेल्या नोंदीचा रिकामा तक्ता कापून ठेवता येईल असा आपल्या एका पानावर छापावा, ज्यांच्याकडे फोन नाही किंवा वाचायला घरात एकच माणूस आहे त्यांनाही तो भिंतीवर लावता येईल. अक्षर मोठे असावे. तक्त्याखाली १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि घरच्या डॉक्टरांच्या फोनसाठी मोकळी ओळ असावी. दुसरी जिल्हा प्रशासनाकडे : 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई आणि पथके ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरली होती. त्याच पथकांनी बाधित घरांना शेवटच्या रुग्णाच्या विसाव्या दिवशी आणखी एक भेट द्यावी आणि चार गोष्टी पाहाव्यात : चालून आल्यावरचा ऑक्सिजन, जेवणानंतरची साखर, टाळू, आणि घरातले जड काम सध्या कोण करते आहे.

आपले,
तालुक्याच्या गावी काम करणारे एक डॉक्टर व एक फिजिओथेरपिस्ट
जि. सातारा, जून २०२१