डीडीरेस्क्यूच्या कर्त्यास आभारपत्र

आदरणीय अंतोनियो दियाझ दियाझ यांस,
सप्रेम नमस्कार.

२००४ पासून तुम्ही डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कमधला डेटा दुसरीकडे उतरवून घेणारा प्रोग्रॅम सांभाळत आहात. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा काढणाऱ्या आम्हां सगळ्यांकडून हे आभार.

मुख्य आभार एका गोष्टीचे: वाचता न येणाऱ्या सेक्टरपाशी, म्हणजे डिस्कवरच्या डेटाच्या छोट्या कप्प्यापाशी, तुमचा प्रोग्रॅम अडून बसत नाही. साधी कॉपी लावली की डिस्क एकाच जागी पुन्हापुन्हा वाचायला जाते, कधी एकेका सेक्टरवर कित्येक सेकंद. मरणपंथाला लागलेल्या डिस्कचे उरलेसुरले तास असे वाया जातात. डीडीरेस्क्यू चूक आली की उडी मारतो, आधी धडधाकट भाग उचलतो, मग खराब पट्ट्यांच्या कडा तासतो आणि शेवटी आतले सेक्टर एकेक करून खरवडतो. पहिल्या फेरीत 'एन' पर्याय द्यायचा, म्हणजे खरवडणं टळतं. दुसऱ्या फेरीत सिस्टिमची कॅश टाळून थेट डिस्कवरून वाचण्यासाठी 'डी' आणि तीन फेरप्रयत्नांसाठी 'आर ३'. तरीही अडलं तर उलट्या दिशेने वाचून पाहायचं. कधी त्याने पलीकडचा तुकडा हाती लागतो.

मॅपफाइलचे, म्हणजे कुठला भाग वाचून झाला याची नोंद ठेवणाऱ्या फाइलचे, आभार वेगळे. वीज गेली, डिस्क मध्येच गायब झाली, तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम सोडलं तिथून पुढे. अधिक चिन्ह म्हणजे मिळालं, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावलेला नाही, वजा म्हणजे खराब. ही फाइल न देताच प्रोग्रॅम चालवणारे अजून भेटतात! आणि एक धोका: डिस्क काढून पुन्हा जोडली की सिस्टिमने तिला दिलेलं नाव बदलू शकतं. आज्ञेत स्रोत आधी, लक्ष्य नंतर. हा क्रम उलटला तर रिकामी डिस्क डेटावर उमटते. म्हणून प्रत्येक वेळी सिरियल नंबर जुळवावा.

भरण्याची सोय फार थोड्यांना माहीत आहे. वाचवलेल्या प्रतिमेची, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब नकलेची, आणखी एक प्रत काढायची, तिच्यातल्या खराब सेक्टरांत एखादा ठरावीक शब्द भरायचा, प्रत फक्त-वाचन माउंट करायची (म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही अशी जोडायची) आणि तो शब्द शोधायचा. ज्या फाइलींत सापडेल त्या बिघडलेल्या. शेकडो फाइली उघडून पाहण्याचे कष्ट वाचतात.

वाचनात चुका येणाऱ्या डिस्कवर फाइल सिस्टिमची (फाइली कुठे आहेत याच्या मांडणीची) दुरुस्ती करू नये, असं तुमच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. तरी लोक आधी तेच करतात. दुरुस्तीचा प्रोग्रॅम डिस्कवर लिहितो, आणि उरलेलंही जातं. दुरुस्ती करायची ती प्रतीवर.

डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र तुमच्या प्रोग्रॅमचाही इलाज नाही. बहुतेकदा हेड, म्हणजे चकतीवरून डेटा वाचणारा भाग, गेलेलं असतं. वीज लगेच तोडायची, कारण तुटकं हेड चकतीवर ओरखडे पाडतं. तिथे धूळविरहित खोली आणि जुळणाऱ्या मॉडेलची दाता डिस्क (जिचं हेड काढून बसवता येईल अशी) लागते. हेड बदलल्यावरही डिस्क किती वेळ तग धरेल याचा नेम नसतो, आणि तेव्हा पुन्हा उडी मारून पुढे जाणारं वाचनच लागतं.

कळावे, लोभ असावा.

आपले,
डेटा रिकव्हरीचं काम करणारे तंत्रज्ञ