आई-बाबा, तिकिटे काढली आहेत

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आपण तिघेही लगेच दुसरे काही बोलू लागतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे. पुढच्या महिन्यातील रजेचा पहिला आठवडा मी इंडी रॉकच्या, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या बँडच्या रॉक संगीताच्या, कॉन्सर्टसाठी ठेवला आहे. तिकिटे काढून झाली आहेत, राहण्याची सोय झाली आहे आणि सोबत आईला चांगली ठाऊक असलेली माझी मैत्रीण आहे. त्यानंतरचा आठवडा मी तुमच्याकडेच असेन आणि त्या दिवसांत माझ्यामागे दुसरे कोणतेही काम नसेल. तुम्ही वाट पाहत होतात हे मला माहीत आहे, आणि तिकिटे काढताना तोच विचार सर्वांत आधी मनात आला होता.

हीच गाणी घरी बसून ऐकता येत नाहीत का, हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. मी ती घरीही ऐकतेच. परंतु अलीकडे एका लहानशा सभागृहात मी अगदी पुढे उभी असताना गिटारवादकाची तार ऐन गाण्यात तुटली. दुसरी गिटार त्याच्याजवळ नव्हती. तो खाली बसून पेटीतून नवी तार शोधू लागला, आणि खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणारी मुलगी व ड्रमवादक यांनी एकमेकांकडे पाहून गाण्यातला एक छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला सुरुवात केली. हळूहळू लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. त्याने तार ओवली, पायाशी असलेल्या ट्यूनरच्या दिव्याकडे पाहत ती सुरात लावली आणि नेमक्या जागी गाण्यात परत आला. त्या वेळी सभागृहातून उठलेला आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही. ड्रमचा ठोका छातीच्या हाडात जाणवतो, बेसचा स्वर तळपायांतून वर येतो. समोरची माणसे हे आत्ता, आपल्यादेखत घडवत आहेत हा अनुभव ध्वनिमुद्रणात उतरत नाही. बाबा, तुम्ही रेडिओवर थेट प्रक्षेपण लागले की घरात कोणाला बोलू देत नव्हतात. तुम्हाला हे पटावे.

इंडी रॉकच्या या मंडळींविषयी मला आदर वाटतो याचे आणखी एक कारण आहे. मोठ्या रेकॉर्ड कंपनीची वाट न पाहता स्वतःचे संगीत स्वतः लोकांपर्यंत न्यायचे, ही या परंपरेची मूळ वृत्ती आहे. 1977 साली मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून 500 पौंड उसने घेऊन आपली पहिली तबकडी काढली आणि सुरुवातीला तिच्या 1000 प्रती छापल्या. पुढे असंख्य बँडना त्यातून धीर मिळाला. आजही लहान कॉन्सर्टमध्ये वादक आपले अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी यंत्रे, स्वतः उचलून आणतात आणि कार्यक्रम संपल्यावर घामाने भिजलेला ड्रमवादकच टेबलामागे उभा राहून टी-शर्ट व रेकॉर्ड विकतो. माझ्या तिकिटाचे पैसे कोणाच्या हाती जातात हे तिथे मला डोळ्यांनी दिसते. वायफळ खर्चाचा मुद्दा तुम्ही बोलून दाखवला नाहीत, तरी तो तुमच्या मनात असेल म्हणून हे लिहिले.

आई, मामाच्या त्या प्रसंगानंतर तुला गर्दीचे नाव नको असते, आणि तुझी भीती मी कधीच हसण्यावारी नेणार नाही. पण ही गर्दी बहुधा काहीशे माणसांची असते आणि बरीचशी एकमेकांना सांभाळून घेणारी असते. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडचा गायक इयन मॅकाय कोणी धक्काबुक्की करताना दिसले की गाणे थांबवून त्याला समज देत असे आणि तरीही न ऐकणाऱ्याला तिकिटाचे पैसे परत देऊन बाहेर पाठवत असे. ती शिस्त सगळीकडे नसते हे खरे, म्हणून मी बहुतेक वेळ मागे, साउंड इंजिनिअरच्या मिक्सरजवळ उभी राहते. तो स्वतः जे ऐकतो त्यावरूनच आवाज जुळवत असल्यामुळे तिथे सर्वांत चांगले ऐकू येते, आणि बाहेर पडायचा दरवाजाही आधीच पाहून ठेवलेला असतो. पाणी पिते, परतायचे वाहन अगोदर ठरवते आणि पोहोचल्यावर तुला निरोप पाठवते. या वेळीही पाठवीन.

कानांची काळजी तर तुम्हा दोघांनाही आहे. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसण्याजोगा मानतात आणि त्यापुढे दर तीन डेसिबलमागे ती वेळ निम्मी होत जाते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली, तीही कान झाकण्याची साधने आणि शांत विश्रांतीची जागा उपलब्ध असावी या शिफारशींसह. मी संगीतासाठी बनवलेले इअरप्लग पहिल्या गाण्याच्या आधीच घालते. ते सगळे स्वर साधारण सारखेच मंद करतात, त्यामुळे गाणे स्पष्ट राहते आणि त्याची धार तेवढी कमी होते. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या 2008 मधील कार्यक्रमांत तर प्रेक्षकांना इअरप्लग वाटले जात. आई, बँडबाजा जवळ आला की तू माझ्या कानांवर तळवे धरायचीस आणि मी बाबांच्या खांद्यावरून आणखी पुढे वाकायचे. ते मला अजून आठवते. माझे कान तू तेव्हापासून जपले आहेस, ते मी आता बिघडू देणार नाही.

आता बाबा, तुमच्याविषयी. श्रवणयंत्र खणात ठेवायचे नाही. सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून रोज थोडा थोडा वेळ वाढवत घाला. गाणे ऐकताना कर्कश वाटते असे तुम्ही म्हणालात, त्याचे कारण यंत्राची मांडणी बोलण्यासाठी केलेली असते. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवता येतो. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे यंत्र लावून देणाऱ्या श्रवणतज्ज्ञाला, स्पष्ट शब्दांत विचारा आणि आईला सोबत न्या, कारण तुम्ही "सगळे ठीक आहे" सांगून परत याल. आई, तू त्यांच्याशी दुसऱ्या खोलीतून बोलू नकोस, समोर बसून बोल, आणि तुझ्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ चुकवू नकोस. मी येईपर्यंत यंत्राचे काम झालेले असू द्या. ज्या बँडला ऐकायला जात आहे त्यांच्या रेकॉर्ड मी आणणार आहे आणि पहिली बाजू आपण तिघांनी मिळून ऐकायची आहे. आवडली नाही तर बाबांनी मोकळेपणाने सांगावे, मी बंद करीन.

तुमची लाडकी लेक