मेरी-गो-राउंडवरच्या दादांना

दादा, स. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. गळ्यात शिट्टी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि बोलण्यात सातारी हेल, एवढ्याच खुणा माझ्याकडे आहेत. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय. तुम्हाला ओळखणाऱ्या कुणी वाचलं, तर कृपया पोहोचवा.

डिसेंबरमधला दिवस होता, शाळांच्या सहलींनी पार्क भरला होता. तुमच्या गेटपाशी निळे हेडफोन घातलेली एक मुलगी हेडफोनवरूनच दोन्ही हातांनी कान दाबून खाली बसली होती. ती माझी मुलगी सई, आठ वर्षांची. तिला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. अशा वेळी भोवतीची माणसं मायेनेच म्हणतात, "अगं, घाबरायचं काय त्यात? काही होत नाही." तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तिला हात न लावता जरा अंतर ठेवून उकिडवे बसलात आणि मला हळूच विचारलंत, "आवाजाचा त्रास होतो का हिला?"

एवढ्या गर्दीत तुम्ही नेमकं ओळखलंत. सईला वेगाची भीती नाही, उंचीचीही नाही. झोपाळ्यावर ती तासन्‌तास बसते. पाळण्यात बसल्यावर मांडीवर येणारा जड दांडा तर तिला आवडतोच, कारण अंगावर सगळीकडून सारखा दाब आला की ती शांत होते. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट सांगतात, की कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा आहे तिला गोल फिरणं वेगळं जाणवतं आणि मागेपुढे झुलणं वेगळं. त्यामुळे एखादं मूल गरगर फिरायला आसुसलेलं असतं, तर दुसऱ्याला एक गिरकीही सोसत नाही. सईचं सगळं अडतं ते अचानक येणाऱ्या आवाजापाशी. बझर, हवेच्या ब्रेकचा फुस्सकारा, डोक्यावरचा स्पीकर. गावच्या जत्रेत जनरेटर आणि भोंगे यांच्यामुळे आकाशपाळण्याच्या जवळपासही आम्हाला जाता येत नाही. पण आवाज केव्हा येणार हे आधी कळलं, तर ती तो सोसते.

तुम्ही तिला तेच कळवलंत. "बाळा, मी हात वर केला की समजायचं आता बेल वाजणार. बेल झाली की घोडे हळू सुटतील. मी परत हात वर केला की पुन्हा बेल, आणि मग थांबतील." मग तिला कठड्याबाहेरून एक पूर्ण फेरी बघू दिलीत. बटणाकडे जाण्याआधी तुमचा हात वर जायचा, सई कान झाकायची, बेल वाजायची, ती हात काढायची. दुसऱ्या फेरीला ती तुमच्या हाताकडे बघत उभी राहिली होती! दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तुम्ही तिला आत नेलंत, थांबलेल्या घोड्याला हात लावू दिलात. बाहेरच्या रांगेतल्या घोड्यांना तेवढ्याच वेळात मोठं वर्तुळ कापावं लागतं, म्हणून ते जास्त पळतात, हे तिला समजावून सांगून आतल्या रांगेतला करडा घोडा दिलात. स्पीकरही बारीक केलात. रांगेतून कुणी कुरकुर केली, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "दोन मिनिटं हो, सगळ्यांचा नंबर लागतो." आवाज न चढवता.

सई पूर्ण फेरी बसली. खांब घट्ट धरून, नजर तुमच्या हातावर. उतरल्यावर तिने मला सांगितलं, "दादा खोटं बोलले नाहीत." तिच्याकडून यापेक्षा मोठी पावती मिळत नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि त्यात स्वमग्नता आली. सईचं युडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, माझ्या खिशात असतं. पण तिची अडचण बाहेरून दिसत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी कार्ड दाखवूनही बराच वेळ समजावत बसावं लागतं. तुम्ही कार्ड मागितलंच नाहीत.

माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिथून जवळच पेनसिल्व्हेनियात सेसमी प्लेस नावाचं पार्क आहे. स्वमग्न मुलांना सामावून घेण्यासाठी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन २०१८ मध्ये प्रमाणपत्र मिळवणारं ते पहिलं थीम पार्क. तिथे प्रत्येक राइडला स्पर्श, चव, आवाज, वास आणि दृश्य अशा पाचही संवेदनांसाठी १ ते १० मध्ये गुण दिलेले असतात. ते वाचून घरूनच ठरवून निघता येतं. आपल्याकडे राइडपाशी उंचीची पट्टी असते, हृदयविकार असल्यास बसू नये असंही लिहिलेलं असतं. त्याच फलकावर आणखी दोन ओळी हव्यात: राइड किती मिनिटांची, आत अंधार आहे का, मोठा आवाज कधी येतो, अंगावर पाणी उडतं का. खर्च फक्त रंगाचा. तुमच्या व्यवस्थापनाला मी हे लेखी कळवलं आहे. फलकावर काय लिहायचं ते तुम्हाला विचारावं, असंही त्यात म्हटलं आहे.

दादा, तुमचे मनापासून आभार. आता शाळांच्या सहली संपल्या, की मधल्या वारी येऊ. वरच्या वाकड्या दांड्यांमुळे घोडे खालीवर होतात हे तुम्ही दाखवलंत, तेव्हापासून सई वहीत तेच दांडे काढतेय. तिचा एक प्रश्न आहे आणि उत्तर तिला तुमच्याकडूनच हवंय: चक्र थांबतं तेव्हा सगळे घोडे एकदम खाली का येत नाहीत?

आपला,
सईचे बाबा, पुणे