डॉक, तुमच्या त्या सहीसाठी थँक यू

प्रिय डॉक,

तुमच्या रिटायरमेंटसाठी सगळ्या जुन्या पोरापोरींकडून एकेक पत्र मागवलंय, इंग्लिशमध्ये, एका पानात बसेल असं. ते मी पाठवलं. त्यात ‘मार्गदर्शन’, ‘प्रेरणा’ असले शब्द घातलेत आणि नंतर वाचून माझं मलाच कसंतरी झालं, म्हणून हे दुसरं, मराठीत, सगळ्यांसमोर. तुम्हाला यातलं एक अक्षर कळणार नाही, फोनवर वाचून दाखवीन. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तुमचंही नाही, तुम्हाला ते चालणार नाही हे मला माहितीये.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. अमेरिकेत गोऱ्यांच्या कॉलेजात काळ्या पोरांना घेत नव्हते त्या काळात त्यांच्यासाठी निघालेली जी कॉलेजं, त्यांना एचबीसीयू म्हणतात, कायद्यात व्याख्या आहे की १९६४ च्या आधी स्थापन झालेली. आज साधारण शंभरेक आहेत. मी तिथे स्पोर्ट मॅनेजमेंट शिकायला गेले २०२१ च्या ऑगस्टमध्ये, आणि फी भागावी म्हणून तुमच्या अ‍ॅथलेटिक्स ऑफिसात ग्रॅज्युएट असिस्टंट लागले. डॉक तिथल्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे कॉलेजच्या सगळ्या खेळांच्या प्रमुख. घरी सांगितलं की ‘कॉलेजच्या क्रीडा विभागात’ आहे, आईला वाटलं मी पीटीच्या बाई झाले.

काम काय, तर बस बुक करा, पोरींच्या जेवणाचे पैसे पाकिटात भरा, कोणाचे बारा क्रेडिट भरतात कोणाचे नाही ते बघा, कारण एक विषय सोडला आणि बाराच्या खाली गेली की पोरगी खेळायला अपात्र. मोठ्या विद्यापीठात या एकेका कामाला वेगळा माणूस असतो. आपल्याकडे तुम्ही, मी, आणि तो एक प्रिंटर जो पावसाळी हवेत चालायचाच नाही.

आता ते बसचं. २०२२ चा व्हॉलीबॉल सीझन, बाहेरगावची मॅच, पहाटे सहाला निघायचं, आणि मी फॉर्मवर एएमच्या जागी पीएम लिहिलं. सहा वाजता चौदा पोरी बॅगा घेऊन थंडीत उभ्या, कोच घड्याळ बघतायत, आणि बस संध्याकाळची. मी तुम्हाला फोन केला तेव्हा माझ्या तोंडातनं शब्द फुटत नव्हता. तुम्ही एवढंच विचारलं की किती जणी आहेत, आणि पाऊण तासात कॉलेजच्या दोन व्हॅन आल्या, त्यातली एक तुम्ही स्वतः चालवत होतात, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, डोक्याला सॅटिनचा स्कार्फ तसाच. मला बाजूला बसवलंत. मला वाटलं आता चार तास ऐकून घ्यायचंय.

तर तुम्ही टेरेसा फिलिप्सची गोष्ट काढली. टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटी, तीच जिथे विल्मा रुडॉल्फ पळायला शिकायची, १९६० च्या रोमला तीन गोल्ड आणणारी. फिलिप्स तिथे आधी बायकांच्या बास्केटबॉलच्या कोच आणि मग २००२ पासून अ‍ॅथलेटिक डायरेक्टर. २००३ च्या फेब्रुवारीत पुरुषांच्या टीमची एका मॅचमध्ये मारामारी झाली, त्यांनी कोचलाच एका मॅचसाठी बाहेर बसवलं. मग पुढच्या मॅचला बेंचवर कोण? तर १३ फेब्रुवारीला ऑस्टिन पीविरुद्ध त्या स्वतः उभ्या राहिल्या, डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या सगळ्यात वरच्या पातळीवर, पुरुषांच्या टीमला कोच करणारी पहिली बाई. ७१-५६ नी हरल्या. मी लगेच ‘वॉव, फर्स्ट वुमन’ वगैरे म्हणाले, तर तुम्ही मान हलवलीत. तुमचं म्हणणं, पहिली-बिहिली पेपरवाल्यांसाठी ठेव, तिनं आपल्या सहीनं एका माणसाला बाहेर बसवलं आणि त्यामुळे जी खुर्ची रिकामी झाली त्यात आपणच जाऊन बसली, हरणार हे दिसत असताना, ते बघ. २०२० पर्यंत त्या त्याच पदावर होत्या हेही तुम्ही सांगितलंत, एका मॅचसाठी लक्षात राहिलेली बाई पण काम अठरा वर्षांचं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये बसचा विषय निघालाच. तुम्ही म्हणालात, फॉर्म माझ्या ऑफिसातनं गेला, खाली सही माझी आहे, पुढचा मुद्दा. बास. माझं नाव कुठेच आलं नाही. मी खाली बघत बसले होते, आणि खरं सांगू का, त्या दिवशी ओरडला असतात तर बरं झालं असतं असं वाटलं.

तुमचं स्वतःचं मात्र तुम्ही फार उशिरा सांगितलंत. की डायरेक्टर व्हायच्या आधी कितीतरी वर्षं तुम्ही ‘सीनियर वुमन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ होतात. हे एनसीएएचं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांच्या मुख्य संघटनेचं, एक पद आहे, म्हणजे पद पण नाही धड, अ‍ॅथलेटिक्समध्ये सगळ्यात वरच्या हुद्द्यावर जी बाई असेल तिला दिलेलं नाव. लोकांना वाटतं ती मुलींच्या खेळाची इनचार्ज, तसं मुळीच नाही, तिनं सगळ्याच निर्णयात असायला पाहिजे असं अपेक्षित आहे. तुम्ही मीटिंगला असायचात पण बजेटवर सही दुसऱ्याची. तुम्ही तेव्हा जे वाक्य बोललात ते इथे लिहीत नाही, त्यात एक शिवी आहे.

त्यावर मी तुम्हाला आमच्या लक्ष्मीबाई सांगितल्या. मी रयतच्या कॉलेजची, साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातीची पोरं एका बोर्डिंगात ठेवली, आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या बायकोनं अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, मी सांगताना गळा भरून आला माझा. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, संस्थेत तिचं पद काय होतं? मी गप्प. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता डॉक. आम्ही त्यांना आई म्हणतो, वहिनी म्हणतो, हार घालतो, पण पद? तुम्ही म्हणालात आमच्याकडे पण चर्चच्या तळघरात स्वयंपाक करून कॉलेजं जगवणाऱ्या अशा कितीतरी होत्या, आणि मग आपण दोघी बराच वेळ काही बोललो नाही. मला अजून वाटतं लक्ष्मीबाईंना पदाची गरज नव्हती. पण मला आहे, हे तेव्हा कळलं.

२०२३ ला बाल्टिमोरला सीआयएएची टुर्नामेंट बघायला नेलंत. सीआयएए म्हणजे काळ्या कॉलेजांची सगळ्यात जुनी कॉन्फरन्स, १९१२ ची. (कॉन्फरन्स म्हणजे सभा नाही, एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट.) मला वाटलेलं मॅचेस बघायच्या, तर अर्धं गाव जमलेलं, म्हाताऱ्या बायका आपापल्या कॉलेजच्या रंगात नटून थटून, बँडचा आवाज, पोरं कमी आणि माजी विद्यार्थीच जास्त, आपल्या पालीच्या जत्रेसारखं. तिथे तुम्ही लांबून जॅकी मॅकविल्यम्स दाखवलीत, कमिशनर. (कमिशनर म्हटलं की आपल्याकडे पोलीस नाहीतर महापालिका, इथे अख्ख्या कॉन्फरन्सची प्रमुख.) २०१२ पासून त्या तिथे, एनसीएएत कॉन्फरन्सची कमिशनर झालेली पहिली आफ्रिकन अमेरिकन बाई. त्या स्वतः हॅम्प्टन युनिव्हर्सिटीच्या खेळाडू, १९८८ ला डिव्हिजन टूची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकलेल्या टीममधल्या. तुम्ही त्यांचं कौतुक केलंत ते पण मॅचवरनं नाही, २०१६ वरनं. नॉर्थ कॅरोलायनात ट्रान्सजेंडर लोकांच्या बाथरूमवरनं तो कायदा आला तेव्हा सीआयएएनं आपल्या बहुतेक चॅम्पियनशिप राज्याबाहेर हलवल्या, ऑफिस त्याच राज्यात, शार्लटला असताना. बास्केटबॉल मात्र शार्लटलाच ठेवलं. मी म्हटलं हे अर्धवट झालं. तुम्ही म्हणालात, कॉन्फरन्सचा पैसा त्या एका आठवड्यात येतो, पोरांच्या स्कॉलरशिप त्यातनं निघतात, तू असतीस तर काय केलं असतंस? मला उत्तर आलं नाही, अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण बजेट न बघता मत देणं मी त्या दिवसापासनं कमी केलंय.

आणि सोन्या स्टिल्स एमईएसीच्या कमिशनर होणार असं जाहीर झालं, जानेवारी २०२२ पासून, डिव्हिजन वनच्या एचबीसीयू कॉन्फरन्सवर पहिल्यांदा बाई, त्या दिवशी तुम्ही ऑफिसात कपकेक आणले होतेत. कशासाठी ते सांगितलं नाहीत. मी बातमी दुपारी वाचली तेव्हा टोटल लागली, तोवर माझे दोन खाऊन झाले होते.

मी परत आले. पुण्यात एका अकॅडमीत इंटरव्ह्यू झाला, ऑफर लेटर आलं, पद ‘को-ऑर्डिनेटर’, बाकी सगळं गोड गोड. रात्री तुम्हाला फोन केला, तुमच्याकडे सकाळ होती. पगार किती ते तुम्ही विचारलंच नाहीत. विचारलंत, खर्चावर सही कोणाची? दुसऱ्या दिवशी मी तेच विचारलं. समोरचे सर हसले, म्हणाले मॅडम तुम्ही फक्त खेळाचं बघा ना. मी म्हटलं बस हा पण खेळच आहे सर. तीन दिवस काही कळवलं नाही त्यांनी, आई म्हणाली घालवलीस नोकरी. चौथ्या दिवशी नवीन लेटर, ‘हेड, ऑपरेशन्स’, पन्नास हजारापर्यंतच्या खर्चाला माझी सही पुरेशी. तुमच्या हिशोबानं चिल्लर आहे, माहितीये.

पहिली सही कशावर केली सांगू? मुलींची कबड्डीची टीम सोलापूरला जायची होती, त्या बसच्या फॉर्मवर. वेळ ६:०० लिहिली, पुढे कंसात ‘सकाळी’ लिहिलं, खाली रेघ मारली, आणि आदल्या रात्री ड्रायव्हरला दोनदा फोन केला. तो वैतागला. बस पावणेसहाला आली.

तुमची,
साताऱ्याची पोरगी