चार मिनिटं आधण

पणजी,
रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, सिनेमा कसा होता, आणि मी "बरा होता" म्हणून विषय बदलला. खोटं बोलले. जिने हौसेने तिकिटं काढली होती ती मैत्रीण शेजारीच उभी होती. शिवाय बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे.

बरा नव्हता. दोन तास वीस मिनिटं मी खुर्चीत नुसती कूस बदलत होते.

एका म्हाताऱ्याची गोष्ट होती. गोष्ट म्हणजे काय, म्हातारा होता, घर होतं, मागे पावसाचा आवाज. तो चुलीवर पाणी ठेवतो आणि कॅमेरा त्या टोपावर. पाणी तापतंय, आपण बघतोय. मी घड्याळ लावलं, चार मिनिटं! सेकंदाला २४ चित्रं या हिशेबाने एका टोपाची ५,७६० चित्रं झाली. तेवढ्या वेळात आईचा चहा गाळून, पिऊन, कप विसळून झाला असता. मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेतला एक काका बायकोला विचारत होता, "सुरू झालो?" मला हसू आवरेना. मैत्रिणीने डोळे वटारले.

ऑफिसातल्या एकाला या विषयातलं कळतं. तो म्हणाला, पूर्वी कॅमेऱ्यात हजार फुटांचं रीळ बसायचं आणि ते साधारण अकरा मिनिटांत संपायचं, त्यामुळे दिग्दर्शकाला कुठेतरी थांबावंच लागायचं. आता डिजिटल आल्यावर तो लगाम सुटला. वर म्हणाला, तुम्हा लोकांना रील्स बघून बघून धीर उरलेला नाही.

हे मात्र मला लागलं. आपल्याकडे २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो. कॉलेजात असताना नोव्हेंबरात मी क्लास बुडवून तिथे रांगा लावल्या आहेत (आई, हे तुला आज कळतंय, रागावू नकोस). भाषा कळत नाही, खाली अक्षरं वाचायची, पडद्यावर एक बाई नुसती बटाटे सोलतेय, असे सिनेमे मी बघितलेत आणि बाहेर आल्यावर तासभर कोणाशी बोलावंसं वाटलं नाही, इतके ते आत गेले होते. तेव्हा संथपणाचं मला वावडं नाही. आणि धीराचंच म्हणाल तर मी पेडण्याची पोर. दशावताराची नाटकं बघत वाढलेली.

बाबा, तुम्ही मला मांडीवर घेऊन देवळासमोर बसायचात ते आठवतं? मुख्य आख्यानाआधीचा आडदसर सुरू व्हायलाच मध्यरात्र व्हायची. गणपती येऊन जायचा, संकासुर हसवून जायचा, आणि मग आख्यानातला राजा त्या लाकडी बाकावर बसून आपण कोण, कुठले, हेच किती वेळ सांगत राहायचा. यापेक्षा संथ काय असणार? पण तुम्ही कानात सांगायचात, "बघ हां, यांचं काही लिहिलेलं नसतं. आता समोरचा काय बोलतो ते ह्यालाही माहीत नाही." मग मी डोळे ताणून बघत बसायचे. राजा गप्प झाला तरी ती शांतता भरलेली असायची, पखवाजवाला हात उचलून वाट बघत असायचा.

या सिनेमात तसं कोणी वाट बघत नव्हतं. पाणी उकळलं, आणि म्हाताऱ्याने टोप उतरवून बाजूला ठेवला. चहा नाही, आंघोळ नाही, काहीच नाही. बाबा, तुमच्या भाषेत सांगायचं तर विलंबित लावला खरा, पण समेवर येणं ठाऊकच नाही.

सगळ्यात राग कसला आला सांगू? बाहेर आल्यावर माझाच. पायऱ्यांवर घोळका उभा होता, जो तो "काय फ्रेम होत्या!" म्हणत होता. मला विचारलं तेव्हा मीही मान डोलावली. तुम्ही असतात तर तिथल्या तिथे म्हणाला असतात, "झोप बरी लागली." म्हापशाच्या अलंकारमधून आपण बाहेर पडायचो तेव्हा तुमचं परीक्षण रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जायचं आणि आई पदर तोंडाला लावून चार पावलं पुढे चालायची, ओळख नसल्यासारखी.

छायाचित्रण सुंदर होतं, ते खोटं कशाला बोलू. कौलांवरून निथळणारं पाणी बघताना आपली पडवी आठवली. आई, ते गळणारं कौल बदललंत का? आणि तिकीट अडीचशेचं होतं. तेवढ्यात बांगडे किती आले असते ते तू मनात मोजलं असशीलच.

शनिवारी सकाळच्या कदंब बसने येते. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या इथून घेऊन येते, तिथे घेऊ नका. जत्रेला दशावतार आहे म्हणालात, तर माझ्यासाठीही एक शाल काढून ठेवा. दोन वाजेपर्यंत जागेन. पुढचं सांगत नाही.

तुमची,
धाकटी