मातीच्या भिंतीला हात देणाऱ्यांचे आभार

आषाढातल्या पावसात गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावड्यांच्या जुन्या घराची मागची भिंत बसली. इथल्या गावडा, कुणबी, वेळीप समाजांना 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण वारसा म्हटला की लोकांना अजून चौकाचे वाडेच आठवतात. रस्त्याने जाणारे काहीजण मात्र थांबले. ताडपत्री बांधली, आतलं भाताचं धान्य हलवलं. एकाने शाबूत कौलं पुसून रांगेने रचली.

त्यांच्यातले वयस्क गवंडी सिमेंटला नाही म्हणाले. ओल आत कोंडते आणि माती सुटते. पाऊस ओसरल्यावर ते परत आले, पडलेलीच माती तुडवून थर चढवले, प्रत्येक थर सुकू दिला. पैसे नकोत, म्हणाले. पेज आणि खारातली तोरं, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरलेल्या कैऱ्या, मात्र दोनदा मागून घेतली! नावं लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. देव बरें करूं.