अ‍ॅडाप्टरनं पिन बदलते, व्होल्टेज नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात भाची अमेरिकेहून खानापूरला आली, येताना मामीसाठी मिक्सर घेऊन आली. चपट्या पिनांचा प्लग आमच्या गोल भोकांच्या सॉकेटात जाईना म्हणून बेळगावातनं अ‍ॅडाप्टर आणला, भांड्यात खोबरं-लसूण घातलं, बटण दाबलं, तर मोटर अशी किंचाळली की बायको दोन पावलं मागं सरली आणि घरभर जळका वास. मग उलटा करून बघितलं, तळाशी बारीक अक्षरात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ! पोरीचा चेहरा एवढासा झाला, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मोबाईल, लॅपटॉपच्या चार्जरवर बहुतेक १००-२४० लिहिलेलं असतंय, ते कुठंही चालतंय. मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर मात्र बघूनच लावा.

जगभर एकच प्लग असावा म्हणून १९८६ साली आंतरराष्ट्रीय नमुना निघाला होता, पण दक्षिण आफ्रिका आणि थोडा बदल करून ब्राझील सोडलं तर फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आणि युरोपनं डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलना टाईप-सी सक्तीचं केलंच की, मग घरातल्या प्लगचं का होत नाही?

आमच्या भागातली पोरं दुबई, जर्मनी, अमेरिका सगळीकडं हायत, दर सुट्टीला बॅगा भरून वस्तू येतात. अ‍ॅडाप्टर विकणाऱ्या दुकानदारांनी निदान 'व्होल्टेज बघितलं काय?' एवढं तरी गिऱ्हाईकाला विचारावं, मराठीत आणि कन्नडमध्ये पाटी लावावी, ही विनंती.

एक वाचक, खानापूर